जुनाट कंबरदुखी आणि पर्थच्या पीटर ओसलिव्हन यांचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर धरून आत येणारी माणसं रोज भेटतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. गेल्या काही वर्षांत त्यांना उत्तरं देताना एका संशोधकाचं काम मला पुन्हापुन्हा आठवतं. त्या कामामुळे माझी पेशंटशी बोलण्याची भाषाच बदलली. म्हणून ही प्रश्नोत्तरं एकदा नीट लिहून काढते आहे. इथे 'जुनाट' म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी.

हे पीटर ओसलिव्हन कोण?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात कर्टिन विद्यापीठ आहे, तिथले ते फिजिओथेरपीचे प्राध्यापक. ते संशोधन करतात आणि स्वतः पेशंटही तपासतात. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांचे प्रश्न तपासणीच्या टेबलाजवळ सुचलेले असतात.

त्यांचं नाव आमच्या व्यवसायात पसरलं ते १९९७ साली. 'स्पाइन' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात ४४ पेशंट होते, आणि एक्स-रेत ज्यांच्या मणक्याला चीर गेलेली किंवा मणका खरोखर पुढे सरकलेला दिसत होता असेच ते होते. त्यातल्या निम्म्यांना दहा आठवडे पोटाचे आणि कण्यालगतचे खोलवरचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम शिकवले. त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा कमी झालं आणि अडीच वर्षांनीही तो फरक टिकला होता. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातच, क्वीन्सलँड विद्यापीठात, पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन पोटाच्या खोल स्नायूंवर काम करत होते. आज जिममधला पोरगाही 'कोअर मजबूत करा' म्हणतो; कोअर म्हणजे पोट-पाठीचे हेच खोल स्नायू. ते वाक्य जगभर पोहोचलं त्यामागे अशा अभ्यासांचा मोठा हात आहे.

मग त्यांनी स्वतःच्याच पद्धतीपासून फारकत का घेतली?

या सगळ्या कहाणीत मला हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो.

'कोअर'चे व्यायाम सरसकट सगळ्यांना देणं सुरू झालं. मणक्याला चीर गेलेल्या किंवा मणका सरकलेल्या मोजक्या पेशंटना जे लागू पडलं, ते प्रत्येक दुखऱ्या कंबरेला लागू पडेल असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात जुनाट दुखण्याच्या अनेक पेशंटमध्ये उलटंच दिसतं. त्यांचे स्नायू ढिले नसतात, सतत आवळलेले असतात. खुर्चीतून उठताना ते श्वास रोखतात, पोट आत ओढतात, मांड्यांवर हात टेकून पाठ लाकडासारखी ताठ ठेवतात. अशा माणसाला 'अजून घट्ट धरा' म्हणणं म्हणजे वळलेली मूठ आणखी वळायला लावणं.

२००५ मध्ये त्यांनी पेशंटचं वर्गीकरण मांडलं. काहींच्या हालचालीत ताबा कमी असतो, काहींच्या हालचालीत बचाव गरजेपेक्षा जास्त असतो, आणि दोघांना एकच औषध चालणार नाही, असा त्याचा गाभा होता. २०१२ मध्ये तर 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये त्यांनी थेट लिहिलं की कंबरदुखीच्या उपचारात आता बदल व्हायला हवा. ज्या वाटेने नाव झालं ती वाट अपुरी आहे असं जाहीर म्हणायला मोठं मन लागतं. मी स्वतः कितीतरी वर्षं प्रत्येकाला पोट आत ओढायला शिकवलं आहे. त्यातल्या काहींचं मी भलं केलं नाही, हे मला आज कळतं.

कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी म्हणजे नेमकं काय?

ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीचं हे नाव. नाव अवघड आहे, काम तितकं नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र चालतात.

पहिली, दुखण्याचा अर्थ लावणं. पेशंटला त्याची कहाणी सांगू द्यायची, मध्ये तोडायचं नाही. कधी सुरू झालं, तेव्हा घरात काय चाललं होतं, कोणी काय सांगितलं, कशाची धास्ती वाटते, काय करायचं सोडून दिलं. त्या कहाणीतूनच त्याला दाखवायचं की दुखणं कशाने वाढतं, कशाने टिकतं.

दुसरी, ज्या हालचालीची भीती आहे तीच हालचाल वेगळ्या रीतीने करून बघणं. मोजा घालणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, बादली उचलणं, जे अडलेलं असेल ते. थेरपिस्ट समोर उभा असतो. आधी श्वास सोडायला लावतो, पोट सैल करायला लावतो, मग पाठ गोल होऊ देत खाली जायला सांगतो. पुष्कळदा पेशंट खाली जातो, थबकतो आणि म्हणतो, 'अरे, दुखलं कमी!' तो क्षण दहा व्याख्यानांइतकं काम करतो. स्वतःच्या अंगाने दिलेली साक्ष माणूस सहज विसरत नाही.

तिसरी, दिनक्रम. झोप, हळूहळू वाढवलेला व्यायाम, ताण, माणसांत मिसळणं. हा भाग ऐकायला साधा वाटतो, पण झोप बिघडलेल्या माणसाची कंबर बरी करताना माझी फार दमछाक होते, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणजे दुखणं मनाचं आहे, असं म्हणायचंय का?

नाही. हा गैरसमज पेशंटला फार लागतो, म्हणून स्पष्ट सांगते. दुखणं खरं असतं, कंबरेतच जाणवतं आणि त्यात कोणी नाटक करत नाही.

दुखणं ही शरीराची राखणदारी आहे. सुरुवातीला स्नायू किंवा सांधा दुखावला असेल, तेव्हा ती राखण हवीच. पण काही जणांत जखम भरून गेली तरी राखणदार जागाच राहतो आणि पानाच्या सळसळीवरही ओरडतो. मज्जासंस्था अशी हळवी झाली की एरवी निरुपद्रवी असलेलं वाकणंसुद्धा धोक्याचं वाटू लागतं. अपुरी झोप, काळजी, 'तुमचा मणका गेलाय' असं कोणीतरी बोललेलं वाक्य, या सगळ्याने ही राखण वाढते. आणि आवळून धरलेले स्नायू दिवसभर राबले की तेही दुखतात. त्यात शरीर कुठे संपतं आणि मन कुठे सुरू होतं अशी रेघ काढता येत नाही. कोणी काढू पाहिली तर पेशंटवर अन्याय होतो.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलंय का?

होय. त्यासाठी झालेल्या मोठ्या चाचणीचं नाव 'रिस्टोर'. निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. लेखकांत पहिलं नाव कर्टिनच्याच पीटर केंट यांचं आहे. पर्थ आणि सिडनी इथल्या २० फिजिओथेरपी दवाखान्यांत मिळून ४९२ पेशंट होते. निम्म्यांहून जास्त स्त्रिया, सरासरी वय ४७च्या आसपास. हे दोन-चार महिन्यांचे पेशंट नव्हते, बरेच जण वर्षानुवर्षं दुखणं काढत होते आणि रोजच्या जगण्यात अडलेले होते.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला ही थेरपी दिली. दुसऱ्याला थेरपी आणि तिच्या जोडीला पाठीवर लावायचे सेन्सर, म्हणजे आपण कसे हलतो ते पेशंटला पडद्यावर दिसावं. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे जो तो एरवी जे करतो ते : गोळ्या, मसाज, दुसरा फिजिओ, इंजेक्शन, किंवा काहीच नाही. थेरपीच्या गटांना १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि २६व्या आठवड्याला एक उजळणी मिळाली. पहिली भेट तासाभराची असे.

निकाल काय लागला?

मोजमापाला रोलंड-मॉरिस प्रश्नावली वापरली होती. तिच्यात २४ विधानं असतात : कंबरेमुळे मी बहुतेक वेळ घरीच राहतो, कपडे चढवायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, अशी. जितक्यांना 'हो', तितके गुण. १३ आठवड्यांनी दोन्ही थेरपी गटांचे गुण नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सरासरी ४.६ने कमी होते.

नुसता आकडा वाचला तर काही बोध होत नाही. ४.६ म्हणजे रोज अडवणाऱ्या चार-पाच गोष्टींना आता 'नाही, हे अडत नाही' म्हणता येणं. जुनाट कंबरदुखीच्या चाचण्यांमध्ये फरक बहुधा चिमूटभरच निघतात. त्यांच्या तुलनेत हा मोठा आहे, आणि वर्षभरानेही तो जवळपास तितकाच होता.

सेन्सरने फारशी भर पडली नाही. मला यात दिलासा वाटतो. महागडं यंत्र नसलेल्या गावातल्या दवाखान्यातही मुख्य काम होऊ शकतं.

पैशांचा हिशोबही मांडला होता. उपचारांचा खर्च आणि बुडालेलं काम दोन्ही धरून, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत थेरपीच्या गटात माणशी ५,२७६ ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले, सेन्सरच्या गटात ८,२११. यातला मोठा वाटा कामातलं नुकसान कमी झाल्याचा. मात्र हे आकडे अंदाजाच्या फार रुंद पट्ट्यातले आहेत, ते काटेकोर मानू नयेत.

पुढे २०२५ मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी'मध्ये तीन वर्षांनंतरचा पाठपुरावा आला. फरक थोडा कमी झाला होता, पण टिकून होता. सात-आठ भेटींचा परिणाम तीन वर्षं टिकणं ही आमच्या क्षेत्रात विरळा गोष्ट आहे.

यात कच्चे दुवे कोणते?

आहेत, आणि ते झाकून ठेवले तर पेशंटची फसवणूक होईल. आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे पेशंटला माहीत होतं, ते लपवताच येत नाही. थेरपीच्या गटांना प्रशिक्षित माणसाचा भरपूर वेळ मिळाला, तिसऱ्या गटातल्या अनेकांना तो मिळाला नाही. म्हणजे लक्ष देऊन ऐकण्याचा वाटा किती आणि तंत्राचा किती, हे या चाचणीतून वेगळं करता येत नाही. तीन वर्षांच्या पाठपुराव्याला सगळे जण हाती लागले नाहीत. शिवाय ज्यांनी पद्धत घडवली, जे तिच्या कार्यशाळा घेतात, तेच संशोधकांतही आहेत. हे त्यांनी उघड नोंदवलं आहे, तरी वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

इतर देशांतलं चित्रही एकसारखं नाही. नॉर्वेत १२१ पेशंटवर झालेल्या २०१३च्या अभ्यासात ही पद्धत हाताने केलेले उपचार आणि व्यायाम यांच्यापेक्षा सरस ठरली. आयर्लंडमध्ये २०६ जणांत तिची तुलना गटाने घेतलेल्या व्यायाम-शिक्षणवर्गाशी केली. तिथे रोजच्या कामात अडणं या पद्धतीने जास्त कमी झालं, पण दुखण्याच्या तीव्रतेत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. हा तपशील मी पेशंटला आवर्जून सांगते. 'दुखणं शून्य होईल' असं वचन या पद्धतीत नाही. दुखणं थोडं राहूनही माणूस पुन्हा कामाला लागतो, हे तिचं बळ.

माझ्या एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकली आहे. मला हे कसं चालेल?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवतच लोक बसतात.

२०१५ मध्ये अमेरिकेत एक आढावा झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची, झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. चकती फुगलेली विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. पुन्हा सांगते, या कोणाचीच कंबर दुखत नव्हती. केस पिकतात तसे मणक्यातले हे बदल.

'गादी सरकली' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. मराठीत तो इतका रुळलाय की ऐकणाऱ्याला वाटतं, पलंगावरून गादी घसरावी तशी आत काहीतरी सुटून पडलं आहे. चकती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती घसरत नाही. ती फुगते, कधी तिच्यातला काही भाग बाहेर येऊन नसेला डिवचतो. तसं झालं तरी बाहेर आलेला भाग बऱ्याचदा काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं. 'मणक्यात गॅप', 'नस दबली' या शब्दांचंही तेच. रिपोर्ट खोटा नसतो, पण त्याची गाठ तुमच्या दुखण्याशी पडतेच असं नाही. ती पडते का, हे तपासणीतून ठरतं.

पुढे वाकू नका असं मला सांगितलंय. खरंच वाकू नये का?

ताज्या दुखण्यात काही दिवस जपणं ठीक. वर्षानुवर्षं न वाकणं ठीक नाही.

पाठ गोल करून ओझं उचललं की कंबर बिघडते, हे इतकं सर्वमान्य आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. कर्टिनच्याच निक सारासेनी यांनी ओसलिव्हन आणि इतरांसह २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. उचलताना पाठ वाकवणं आणि कंबरदुखी यांचा संबंध त्यांना सापडला नाही. अभ्यास थोडे आणि दर्जाने साधारण होते, हे त्यांनीही म्हटलं आहे. पण ज्या भीतीवर आपण लाखो लोकांना ताठ उभं केलं, तिच्याखाली जमीन इतकी भुसभुशीत असावी याचा मला धक्का बसला.

माझ्याकडे एक शिक्षिका येत. चार वर्षं त्या जमिनीकडे वाकल्या नव्हत्या. हातातला खडू पडला तर वर्गातलं मूल उचलून देई. दारातली रांगोळी सुटली होती. 'माझा मणका काचेचा आहे' असं त्या म्हणत आणि ते शब्द त्यांना उपचार करणाऱ्याकडूनच मिळाले होते. आधी आम्ही खुर्चीत बसून पुढे झुकलो. मग स्टुलावरची वस्तू, मग पाटावरची. श्वास सोडत, घाई न करता. दीड महिन्याने त्यांनी फोनवर रांगोळीचा फोटो पाठवला. कंबर अजून अधूनमधून बोलते, पण त्या वाकतात.

पट्टा वापरू का?

तीव्र दुखण्यात चार दिवस, गरजेपुरता. जुनाट दुखण्यात रोज बांधायची मी कोणाला शिफारस करत नाही. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही असे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असं आहे. वर्षानुवर्षांची सवय असेल तर एकदम टाकू नका, दिवसाचा एकेक तास कमी करत जा.

उसण भरली की आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय लावतात. त्याने बरं कसं वाटतं?

माझ्या आजीनेही लावून घेतला होता, तेव्हा हसण्यावारी नेणार नाही. उसण किंवा चमक ही बहुधा स्नायूची अचानक आलेली पकड असते आणि ती काही दिवसांत आपली आपण सुटते. त्यात कोणीतरी आपुलकीने पाठीला स्पर्श केला, 'आता जाईल' असं खात्रीने सांगितलं, की अंग सैल पडतं. त्या विश्वासाला आणि स्पर्शाला मी कमी लेखत नाही. फक्त पाठीवर लाथ किंवा जोराचा झटका नको, विशेषतः हाडं ठिसूळ झालेल्या वयात.

चालण्याने फायदा होतो का?

होतो. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या मार्क हॅनकॉक यांच्या गटाने, जे रिस्टोर चाचणीतही होते, २०२४ मध्ये ७०१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच कंबरदुखीतून उठलेले हे लोक. ज्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला लावलं, त्यांच्यातल्या मधल्या माणसाला पुन्हा दुखणं उद्भवायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या मधल्या माणसाला ११२. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, हे सहा महिन्यांत गाठायचं ध्येय होतं. पहिल्याच दिवशी तेवढं चालू नका.

कोणत्या लक्षणांत वाट बघत थांबायचं नाही?

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद उतरत चालली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं म्हातारपणातलं दुखणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो, हे विसरून चालणार नाही. वर लिहिलेली सारी चर्चा ही कारणं बाजूला सारल्यानंतरची आहे. रिस्टोरमध्येही अशा पेशंटना घेतलं नव्हतं.

हे उपचार आपल्याकडे मिळतील का?

या पद्धतीत तयार होण्यासाठी रिस्टोरमधल्या फिजिओथेरपिस्टना बरंच प्रशिक्षण घ्यावं लागलं, ते दोन दिवसांच्या शिबिरात होणारं काम नाही. मी स्वतः त्यातलं जमेल ते वाचून, पाहून, पेशंटबरोबर शिकत वापरते.

तुम्ही तुमच्या फिजिओकडे जाल तेव्हा शेक आणि मशिन सुरू होण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या. तुम्हाला काय करता येत नाही ते नाव घेऊन सांगा : भाकरी थापायला बसता येत नाही, एसटीत तासभर बसता येत नाही, नातवाला उचलता येत नाही. आणि मग म्हणा, 'हेच माझ्याकडून इथे, तुमच्यासमोर करून घ्याल का?' जो फिजिओ खुर्ची पुढे ओढून 'चला, करून बघू' म्हणेल, त्याच्याकडे पुढची वेळ घ्या.